अडीच हात उन्हाळा

मे महिन्यात आमच्या चेरीताल मोहल्ल्यात "काय गरमी आहे हो!" असं मोहरील काकाजींसमोर म्हणायची सोय नव्हती. म्हणणारा बिचारा रुमालाने मान पुसत असायचा आणि काकाजी शांतपणे विचारायचे, "कोणत्या गरमीच्या मानाने?" माणूस गोंधळायचा. कुणी मागच्या सालाचं नाव घ्यायचं, कुणी ज्या साली विहिरी आटल्या त्या सालाचं. काकाजी नकारार्थी मान हलवत राहायचे.

"हे तर काहीच नाही, बापा. गरमी पडली होती ती सव्वा लाख वर्षांपूर्वी. पूर्ण दुनियेत दीड-दोन डिग्री जास्त! समुद्र वीस फूट वर. इंग्लंडात साहेब लोक आता ओव्हरकोट घालून फिरतात ना, तिथल्या नदीत पाणघोडे लोळत होते. पाणघोडे!"

आणि मग रुमालवाल्याकडे असं बघायचे, की त्याला स्वतःच्या घामाची लाज वाटावी. त्यावर कुणी चुकून "दोनच डिग्री?" असं म्हणालं, की त्याचा तास गेला. मी स्वतः असे बरेच तास घालवलेले आहेत. रेल्वेच्या ऑफिसात उशीर झाल्याची खरी कारणं मी कधी लेखी दिली नाहीत, पण त्यातली निम्मी पाणघोड्यांमुळे होती.

दोन डिग्रीचं त्यांना एवढं का वाटायचं, याला कारण त्यांची नोकरी. काकाजी डिफेन्स फॅक्टरीत गेज रूममध्ये होते. गेज म्हणजे माप तपासायचं माप. लोखंड उन्हाने जरासं वाढतं, थंडीने आकसतं, म्हणून ती खोली बाराही महिने वीस डिग्रीवर ठेवलेली असायची. बाहेर सगळी फॅक्टरी घामाने निथळायची आणि काकाजी आत हाफ स्वेटर घालून बसायचे. दार उघडं टाकून कुणी गप्पा मारायला उभा राहिला की आतून आवाज यायचा, "दरवाजा लगाओ भैया, लोहा फूल रहा है!" तीस वर्षं त्यांनी एकेक डिग्री अशी दाराशी अडवून धरली. रिटायर झाल्यावरही खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असायचा. "भाऊ, एका डिग्रीत पोलाद जागा सोडते," ते म्हणायचे, "तर पृथ्वीचं काय होईन?"

आमच्यासारखी घरं नागपूर राजधानी होती तेव्हा नोकऱ्यांच्या मागे इकडे नर्मदेकाठच्या शहरात आली. पुढे प्रांतांची वाटणी झाली, नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं आणि आम्ही होतो तिथेच राहिलो. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, आणि फाटकात उभं असताना दोन्ही. काकाजी रिटायर झाले तेव्हा फॅक्टरीचा क्वार्टर सोडून आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने आले. एकटेच होते. बायको, मालतीकाकू, नोकरीची दोन वर्षं उरली असताना गेल्या होत्या. आम्हीही भाड्यानेच राहत होतो; मी, माझी बायको आणि आई.

आता हे वेड लागलं कसं ते सांगतो. रिटायर व्हायच्या दहा वर्षं आधी गेज रूमची मंडळी भेडाघाटला सहलीला गेली होती. सगळे संगमरवर बघायला नावेत बसले. काकाजींना नावेचं भय, म्हणून ते काठाकाठाने खालच्या अंगाला चालत सुटले. दोनेक मैलांवर नदीच्या उंच कडेला एक गृहस्थ सुरीने माती खरवडत होते. बाहेरगावचे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी या रिकाम्या माणसाला फूटपट्टी धरायला दिली. काकाजींनी पट्टीवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "साहब, ये गलत है. टोक घिस गया है."

पट्टी खरंच झिजलेली निघाली. डॉक्टर साहेब, म्हणजे ते प्राध्यापक, त्या दिवसापासून काकाजींचे झाले. त्यांनी कड्यातला एक पट्टा दाखवला. वर पिवळट माती, खाली पिवळट माती, दोन्हींत चुन्याचे कंकर भरलेले. आणि मधे अडीच हात जाडीचा गडद, लोण्यासारखा मऊ थर. कोरड्या काळात मातीत कंकर धरतात, आणि पाऊस भरपूर असला की धरत नाहीत. तेव्हा हा थर बहुधा मागच्या उबदार काळातला असावा, असं डॉक्टर साहेब म्हणाले. दोन हिमयुगांच्या मधला काळ. काकाजींनी तो "बहुधा" तिथेच नर्मदेत सोडला आणि थर घेऊन घरी आले.

तेव्हापासून पावसाळा सोडून प्रत्येक रविवारी बस पकडायची आणि कडा गाठायचा. वरून खाली, पाव पाव इंचाने माप घ्यायचं. रंग, ओल, एखादी गोगलगाय असेल तर ती, असं सगळं वहीत लिहायचं आणि चिमूटभर माती औषधाच्या बाटलीत भरायची. प्रत्येक माप तीनदा घ्यायचं आणि तेही तीन वेगवेगळ्या रविवारी, कारण गेज रूमचा तसा नियम होता. गेज रूमच्या नियमाने नदीचा काठ मोजणारा माणूस त्या खोऱ्यात दुसरा नसावा. "पाव इंचात एक माणूस जन्मून मरून जाते, बापा," ते सांगायचे. "घाई कशी करता येईन?"

हे सगळं नीट ऐकून घेणारं माणूस गावात एकच होतं, माझी आई. तिला एकदा ताप आला होता. काकाजी तब्येत विचारायला आले, थर्मामीटर बघितला आणि म्हणाले, "वैनी, फक्त दोन डिग्री जास्त आहे. मागच्या वेळेस पृथ्वीलाही इतकाच होता."

आईने पांघरुणातून विचारलं, "मग उतरला कशाने?"

काकाजी खुर्चीवर बसलेच. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. आम्ही सगळे पाणघोड्यांपाशी थांबायचो. दुसऱ्या दिवशी ते मोठा कागद घेऊन आले. मधे सूर्य, भोवती पृथ्वीच्या फेऱ्या, तिचं कलणं, डोलणं, उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ येणं, सगळं देवनागरी आकड्यांत. पृथ्वी जराशी कलली, उत्तरेचा उन्हाळा सौम्य झाला, बर्फ वितळेनासं झालं आणि हजारो वर्षांत ताप उतरला. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तेवढ्यात आंबे होऊन गेले असतील नाही?" काकाजींनी तेही वहीत लिहून घेतलं.

तो कागद पुढे त्यांनी आपल्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लावला आणि तिथे घोळ झाला. वर्तुळ, घरं, सूर्य, आकडे, आणि खाली एक वयस्कर मराठी ब्राह्मण बसलेला. गल्लीने जे समजायचं ते समजलं. एक दिवस सिहोऱ्याहून बसने एक बाई आल्या आणि लेकीची पत्रिका पुढे ठेवून म्हणाल्या, "पंडित जी, बिटिया का ब्याह कब लगेगा?"

काकाजी म्हणाले, "दीदी, मैं लड़कियों की नहीं देखता. धरती की देखता हूँ."

बाई भिंतीकडे बघून हात जोडून म्हणाल्या, "तो धरती का ही बता दीजिए."

"अभी तो ठीक चल रहा है," काकाजी प्रामाणिकपणे म्हणाले.

दोन महिन्यांत मुलीचं लग्न ठरलं. बाई पेढे घेऊन आल्या आणि बरोबर सिहोऱ्याच्या आणखी तिघीजणी. त्यांना वाटेला लावून काकाजींनी कागद काढला आणि कपाटात ठेवला. पेढे मात्र आईला देऊन गेले.

त्याच साली मी घर बांधायला काढलं. आईसाठीच. वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीत तिने नऊ स्टेशनांचे क्वार्टर सारवले होते आणि दर वेळी लावलेली तुळस मागे टाकून आली होती. आता तिचं हृदय थकलं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी तिला सांगितलं नाही, पण तिला कळलं असावं. ती एवढंच म्हणाली, "एक पावसाळा मला माझ्या घरात काढू दे रे." चेरीतालमध्येच, आमच्या शेजारी लागून, जमिनीचा एक तुकडा मिळाला. होळी झाल्यावर पाया भरला. पाऊस यायच्या आत छत पडायला हवं होतं.

आणि पहिल्याच विटा फुटल्या. कंकराच्या मातीच्या होत्या. भट्टीत कंकराचा चुना होतो, आणि पाणी लागलं की तो फुगून वीट फोडतो. मिस्त्री म्हणाला, "साहब, लखन भैया की भट्ठी से लाओ. उसकी माटी में कंकर होता ही नहीं."

मी दोनदा विचारलं, दुसरी कुठली भट्टी नाही का. कारण लखनची भट्टी कुठे होती ते मला माहीत होतं, आणि त्याची माती कुठली तेही.

कड्याची जमीन लखनचीच. बिचारा भला माणूस. दर रविवारी येणाऱ्या या म्हाताऱ्याला पाणी पाजायचा. एक दिवस त्याने सहज विचारलं, की बाबूजी, इथे आहे तरी काय? झालं. काकाजींनी त्याला दोन तास सव्वा लाख वर्षं समजावली. "देखो भैया, उस जमाने में इतना पानी बरसा, इतना बरसा, कि इस माटी में कंकर बना ही नहीं." लखनने चणे खात खात सगळं ऐकलं. पाणघोडे त्याने सोडून दिले, समुद्र सोडून दिला, आणि त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं उचललं. पुढच्या रविवारी काकाजी गेले तर कड्यावर सहा माणसं कुदळी घेऊन उभी.

काकाजी आईला हे सांगायला आले तेव्हा लखनवर रागावले नव्हते. "मीच सांगितलं त्याला, वैनी. त्याचं काय चुकलं?" तळाचे नऊ इंच मोजायचे राहिले होते, आणि सगळ्यांत मोलाचे तेच होते. थंडी संपून गरमी कशी आली, हळूहळू का झपाट्याने, ते त्या नऊ इंचांत होतं. त्यांनी डॉक्टर साहेबांना पत्र लिहिलं, की काही करून एक वर्ष खोदकाम थांबवा. आई त्यांना म्हणाली, "थांबेल, भाऊजी." मी मनात विटा मोजत होतो. खोदकाम थांबलं तर माझं घर थांबणार होतं.

मी लखनकडूनच विटा आणल्या. काकाजींना न सांगता आणल्या, जणू शेजारच्या प्लॉटवर पडलेला विटांचा ढीग शेजाऱ्याला दिसणार नव्हता. ते आले, एक वीट उचलली, बोट ओलं करून तिच्यावर फिरवलं आणि चक्क जिभेला लावलं.

"कोणत्या भट्टीची?"

"इकडचीच... म्हणजे, तिकडची," मी म्हणालो.

"शरद, काहून लपवून राहिला बापा? बारा वर्षांपासून ओळखतो मी हिला." त्यांनी विटेवर बोटाने टकटक केलं, कान लावून ऐकलं. "पक्की आहे. लाव."

भिंती खिडक्यांपर्यंत आल्या असताना एक दिवस पोस्टमन काकाजींना शोधत बांधकामावरच आला. जाड लिफाफा होता. काकाजींनी विटांच्या ढिगाशी उभ्याउभ्याने तो फोडला, वाचला, वर भिंतीकडे पाहिलं, आणि घडी करून खिशात घातला. मी धीर करून विचारलं, "डॉक्टर साहेबांचं? काय म्हणतात?"

"तब्येत विचारली."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. प्राध्यापकांनी हात वर केले असणार, असं मी धरून चाललो. खोदकाम चालू राहिलं, गाड्या येत राहिल्या. काकाजी रविवारी जात होते, पण दर रविवारी लवकर परतायला लागले. तीनदा माप घ्यायला थर जागेवर राहतच नव्हता. मग एका रविवारी ते गेलेच नाहीत. आमच्या ओट्यावर बसून आईला म्हणाले, "संपलं, वैनी."

"किती राहिलं मोजायचं?"

"सहा इंच."

आई उठून आत गेली. मग तिने त्यांना पन्हं दिलं, आणि दोघं पन्हं पीत बसले.

छत पडलं, आणि पाऊस यायच्या आठवडाभर आधी आई नव्या घरात आली. तिने अंगणात तुळस लावली. तो सगळा पावसाळा तिने आपल्या खिडकीत बसून पाहिला. एक वीट फुटली नाही, कुठे ओल आली नाही. काकाजी रोज संध्याकाळी यायचे आणि त्या दोघांची सव्वा लाख वर्षं चालायची. दिवाळीला तिने अंगणात पणत्या लावल्या. मार्गशीर्षात ती गेली, आपल्या घरात, आपल्या पलंगावर.

थंडीत डॉक्टर साहेब आले. कडा बघून आले होते. तिथे आता लखनची डबकी होती. काकाजींकडे खुर्ची एकच, म्हणून ते त्यांना माझ्याकडे घेऊन आले. डॉक्टर साहेबांनी वही चाळली. चाळता चाळता चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मोहरील जी, इतना बारीक काम तो हमारे यहाँ भी किसी ने नहीं किया." मग जरा थांबून म्हणाले, "पर कलेक्टर साहब वाली चिट्ठी? मैंने लिख दी थी कि एक सीजन खुदाई रोक दें. बस आपको ले जाकर देनी थी."

"रह गया, साहब," काकाजी म्हणाले.

ज्या माणसाने बारा वर्षांत विसरून एक पाव इंचही राहू दिला नाही, त्याचं हे राहून गेलं होतं. डॉक्टर साहेब वही आणि बाटल्यांची पेटी घेऊन, दोन्ही हातांनी नमस्कार करून गेले. मी दार लावलं.

"काकाजी, चिठ्ठी होती तुमच्याजवळ?"

"होती."

"त्या दिवशीच्या लिफाफ्यात?"

"हो."

"मग दिली काहून नाही?" मला एकदम त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं, आणि दोन्ही जमलं नाही. "बारा वर्षं तुम्ही..."

"तुझ्या भिंती इथपर्यंत आल्या होत्या." त्यांनी आपल्या कमरेशी हात आडवा धरून दाखवला. "पाऊस महिन्यावर. भट्टी बंद झाली असती तर वैनींना पुढचं वर्ष सांगावं लागलं असतं."

 काकाजी टेबलावरचं कापड सारखं करत राहिले.

"मालती दर आठवड्याला म्हणायची, येत्या रविवारी प्लॉट पाहून येऊ जी. अन् रविवारी मी नदीवर. मी म्हणत होतो, घाई काय आहे, पुढच्या वर्षी पाहू. मला तेव्हा वर्ष म्हणजे काही वाटतच नव्हतं ना. क्वार्टरातच गेली ती. वैनींना पुन्हा तेच कोणत्या तोंडाने सांगू?"

आईच्या त्याच घरात बसून मी हे लिहितो आहे. आईला तिचा पावसाळा मिळाला तो मी दिला, असं मी तोवर समजत होतो. लोकांनाही तसं सांगत होतो. तो या माणसाने दिला होता, आणि देताना मला कळूही दिलं नव्हतं. त्यांचे आभार कसे मानायचे ते मला त्या दिवशी सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही सुचत नाही. 

काकाजी उठले, चपला घातल्या. दाराशी जाऊन थांबले आणि मागे वळून, जरा संकोचून म्हणाले, "शरद, एक विचारू? तुम्ही लोक रविवारी काय करत असता?"

मी म्हणालो, "काही नाही. या रविवारी जेवायला या आमच्याकडे. साडेअकराला."

त्यांनी मान डोलावली. फाटकापर्यंत गेले, कडी काढली, आणि ती हातात धरूनच उभे राहिले.

"जरा लवकर आलो तर चालते?"

"सकाळीच या," मी म्हणालो.